डायनासोर आणि सागरी सरीसृपांचे जीवाश्म: विकत घेण्याआधी वाचा

जीवाश्म घेताना पैसे दोन गोष्टींचे मोजायचे. एक, त्या नगात अस्सल अश्मीभूत हाड किती आहे. दुसरी, ते कोणत्या देशातल्या कोणत्या थरातून आणि कोणाच्या परवानगीने निघाले. आकार, चकाकी, स्टँड आणि काचेची पेटी हे सगळे त्यानंतर. हे पत्रक नवख्या ग्राहकासाठी आहे, पण ज्यांच्या कपाटात पाचपन्नास नग आधीच आहेत त्यांनीही जबड्यांचा आणि ओलाव्याचा भाग जरूर वाचावा.

आधी नावांचा घोळ मिटवू. मोसासॉर, प्लेसिओसॉर आणि इक्थिओसॉर हे डायनासोर नव्हेत. ते समुद्रात राहणारे सरीसृप होते, आणि मोसासॉर तर सरडे-घोरपडींच्या कुळाजवळचा. बिलावर ‘समुद्री डायनासोर’ असे लिहिलेले दिसले तर विकणाऱ्याने नग ओळखायचे कष्ट घेतलेले नाहीत असे समजा आणि पुढचा प्रत्येक शब्द तपासून घ्या.

मोसासॉरचा जबडा

बाजारात सर्वांत जास्त फसवणूक याच एका वस्तूत होते, म्हणून इथे जरा थांबू. मोरोक्कोतील खुरिबगा परिसरात खतासाठी फॉस्फेटच्या खाणी चालतात. तिथल्या मऊ, वाळूसारख्या थरांत सुमारे ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मोसासॉरचे दात विपुल सापडतात. सुटा दात त्यामुळे स्वस्त असतो आणि बहुधा अस्सलही असतो. अखंड जबडा मात्र दुर्मीळ. मग सुटे अस्सल दात, हाडांचे तुकडे आणि गोंदात कालवलेली फॉस्फेटची वाळू यांतून ‘जबडा’ तयार होतो. दात खरे असल्यामुळे ग्राहक फसतो.

दहापट भिंग घ्या आणि दाताच्या बुडाशी पाहा. मोसासॉरचा दात जबड्यातून नुसता वर आलेला नसतो. त्याच्या खाली फुगीर, सच्छिद्र हाडासारखे मूळ असते आणि ते खाचेत घट्ट बसलेले असते. चकचकीत शिखर थेट वाळूतून उगवल्यासारखे दिसले, मध्ये मूळच नसले, तर तो दात तिथे रोवलेला आहे. मग जबड्याच्या आतल्या बाजूने मुळांपाशी पाहा. या प्राण्यांचे दात आयुष्यभर बदलत, त्यामुळे जुन्या मुळाला पोखरून वर येणाऱ्या नव्या दाताचे खड्डे काही ठिकाणी दिसायला हवेत. एकही खड्डा नाही, सगळे दात एकाच उंचीचे आणि सगळ्यांची झीज सारखी, हे निसर्गात घडत नाही. जातीही जुळल्या पाहिजेत. ग्लोबिडेन्स आणि प्रोग्नॅथोडॉन या मोसासॉरच्याच दोन जाती: पहिल्याचा दात अळंबीसारखा गोल, दुसऱ्याचा जाडजूड शंकू; दोन्ही एकाच ओळीत दिसले तर वेगळा पुरावा शोधायची गरज नाही.

भोवतालचा दगडही बोलतो. नैसर्गिक थरात माशांचे मणके, शार्कच्या दातांचे तुकडे, फिकट-गडद पट्टे असे काहीबाही असते. गोंदातली वाळू सगळीकडे एकसारखी असते आणि भिंगाखाली कणाकणांत चकाकते. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा अर्धा मिनिट टेकवा. गोंद असेल तर तिथे चिकट लागते. पण घाईने निष्कर्ष काढू नका. अस्सल नगही ठिसूळ असतो, म्हणून तयार करताना त्याला गोंद पाजतातच. गोंद सापडला एवढ्यावरून नग खोटा ठरत नाही. गोंदाशिवाय तिथे दगडच नाही असे दिसले तर ठरतो.

अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च फिरवला की भरणी आणि गोंद अनेकदा निळसर-पांढरे उजळतात आणि हाड वेगळ्या रंगाचे राहते. त्या उजेडात नगाचा फोटो काढून मागा. आमच्याकडच्या जबडा आणि कवटीच्या प्रत्येक नगासोबत हा फोटो आम्ही देतो.

सुटे दात

मोरोक्कोच्या आग्नेय भागातील केम केम थरांतले (सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचे) स्पायनोसॉरचे दात नवख्यांना फार आवडतात. दात शंकूसारखा, आडवा छेद जवळजवळ गोल, लांबीच्या दिशेने बारीक रेघा आणि कडेला करवतीसारखे दाते नाहीत. दाते असलेला, चपटा, सुरीसारखा दात त्याच थरातला असला तरी तो कार्कारोडोन्टोसॉरस किंवा दुसऱ्या मांसाहाऱ्याचा.

दहा सेंटिमीटरच्या पुढचा दात हातात आला की एकच रेघ बुडापासून टोकापर्यंत नजरेने पकडा आणि दात उजेडात हळूहळू फिरवा. दोन तुटके दात जोडलेले असतील तर जोडावर रेघ तुटते किंवा बाजूला सरकते. नेमका तोच पट्टा वाळू लावून झाकलेला असतो. मुळासकट लांबलचक दात आणखी संशयाचा. जिवंतपणी गळून पडलेल्या दाताचे मूळ आधीच विरघळलेले असते, म्हणून मूळ फक्त जबड्यातून सुटलेल्या दाताला राहते आणि असे दात कमी मिळतात. जोडलेला दात घेऊ नये असे नाही. जोडलेला आहे हे बिलावर लिहिलेले असावे.

लेबलावर ‘स्पायनोसॉरिड’ असे फक्त कुळ लिहिलेले असेल तर ते जास्त प्रामाणिक. सुट्या दातावरून प्रजाती सांगणे कठीण आहे, आणि स्पायनोसॉरसचा मूळ नमुना १९४४ मध्ये म्युनिकवरील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला, त्यामुळे थेट ताडून पाहायची सोयही उरलेली नाही. उत्तर अमेरिकेतील हेल क्रीक थरांतले शिंगवाल्या डायनासोरचे झिजलेले दातही असेच. त्या थरांत ट्रायसेराटॉप्सही आहे आणि टोरोसॉरसही. सुटा दात कोणाचा ते ठरवता येत नाही. आम्ही तिथे ‘सेराटॉप्सिड’ एवढेच लिहितो.

मणके: सुरुवातीला उत्तम

मणक्यात बनावट कमी आणि शिकायला भरपूर. इक्थिओसॉरचा मणका म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट चकती, रुंदीच्या मानाने जाडी कमी. प्लेसिओसॉरच्या मणक्याची तोंडे बरीच सपाट असतात आणि पोटाकडच्या बाजूला शेजारी-शेजारी दोन लहान छिद्रे दिसतात. ती छिद्रे सापडली की ओळख बहुतेक झालीच.

‘सत्तर टक्के पूर्ण’ म्हणजे काय

सांगाडा किंवा कवटी घेताना हा आकडा ऐकू येतो. तो हाडांच्या संख्येवर आहे की आकारमानावर, हे आधी विचारा. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील ‘सू’ या टायरॅनोसॉरसची सुमारे ३८० पैकी २५० हाडे आहेत, म्हणजे संख्येने दोन तृतीयांश. आकारमानाने मात्र तोच सांगाडा सुमारे ९० टक्के भरतो, कारण नसलेली हाडे बहुतेक लहान आहेत. दोन्ही आकडे खरे, पण विकणारा मोठा आकडाच सांगणार.

म्हणून हाडांचा नकाशा मागा. बाह्याकृतीवर प्रत्येक हाड तीन रंगांत दाखवलेले असते: अस्सल, दुरुस्त केलेले आणि साच्यातून ओतलेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘शेन’ नावाच्या टायरॅनोसॉरसचा हाँगकाँगमधला लिलाव ऐनवेळी मागे घेतला गेला. त्यातली भर घालणारी हाडे ‘स्टॅन’ या दुसऱ्या प्रसिद्ध सांगाड्याच्या प्रतिकृतीवरून घेतल्याचा प्रश्न निघाला होता. प्रतिकृती वापरण्यात गैर काही नाही, बहुतेक सगळ्या उभ्या सांगाड्यांत ती असते. ती किती आणि कुठून आणली, हे घेणाऱ्याला दिसले पाहिजे.

संशोधकही चकतात. ब्राझीलमधून आलेल्या एका स्पायनोसॉरिडच्या कवटीचे मुस्कट व्यापाऱ्यांनी भरणी घालून लांबवले होते. ते काढताना झालेल्या मनस्तापावरून १९९६ मध्ये त्या प्राण्याचे नावच ‘इरिटेटर’ ठेवले गेले. डायनासोर आणि पक्षी यांच्यातला दुवा म्हणून १९९९ मध्ये गाजलेला ‘आर्किओरॅप्टर’ हा जीवाश्म सीटी स्कॅनमध्ये अनेक तुकड्यांची जोडणी निघाला. मोठी खरेदी असेल तर सीटी स्कॅनचा खर्च वाया जात नाही.

कागद

किमान एवढे हवे: देश, गाव किंवा खाण, थराचे नाव, काढल्याचे वर्ष, जमीनमालकाची लेखी संमती, निर्यातीचा परवाना जिथे लागतो तिथे, आणि नग कोणी तयार केला. ‘जुन्या संग्रहातून’ एवढेच लिहिलेला कागद आम्ही कागद मानत नाही.

देशागणिक कायदा बदलतो. अमेरिकेत खासगी जमिनीवरचे डायनासोर मालकाच्या परवानगीने काढता आणि विकता येतात. संघराज्याच्या जमिनीवरून मात्र पृष्ठवंशीयांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, आणि तसे काढलेले विकताही येत नाहीत. त्यासाठी २००९ चा वेगळा कायदा आहे. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म सरकारच्या मालकीचे आहेत. मंगोलियाचे निर्बंध १९२४ पासूनचे. चीनमध्ये १ जानेवारी २०११ पासून जीवाश्म संरक्षणाचे कडक नियम लागू आहेत. म्हणून ग्वेझोऊ प्रांतातला काळ्या हाडांचा छोटा सागरी सरीसृप किचोसॉरस आणि चिनी डायनासोरची अंडी आम्ही ठेवत नाही. तसेही अंड्यांत कवचाचे सुटे तुकडे गोळ्यावर चिकटवून केलेला माल फार आहे.

कागद खोटे असले तरी हाड स्वतःच साक्ष देते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात टार्बोसॉरस या मांसाहारी डायनासोरचा सांगाडा दहा लाख डॉलरच्या वर गेला. आयातीच्या कागदांवर मूळ देश ग्रेट ब्रिटन लिहिला होता. पण हा प्राणी ज्या थरांतून ओळखला जातो ते मंगोलियात आहेत. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये सांगाडा मंगोलियाला परत मिळाला. जो नग कायद्याने तुमचा होऊच शकत नाही, तो पुढे विकताही येत नाही.

सीमाशुल्कात जीवाश्म ९७०५ या शीर्षकाखाली येतात. पार्सलवर ‘शोभेचा दगड’ किंवा ‘हस्तकला’ लिहून पाठवू का, असे कोणी विचारले तर नाही म्हणा. अडकलेले पार्सल सोडवणे अवघड जाते, आणि खोट्या वर्णनामुळे तुमचा स्वतःचा मालकीचा कागद कच्चा होतो.

आणखी एक. त्वचेचे ठसे, पोटातले अन्न, गर्भ किंवा हाडे जागच्या जागी जुळलेला नवा सांगाडा दिसला तर घेण्याआधी संग्रहालयाच्या अभ्यासकाला दाखवा. खासगी मालकीतल्या नमुन्यावर शोधनिबंध लिहायला बरेच अभ्यासक तयार नसतात, कारण पुढच्या माणसाला तो तपासायला मिळेल याची खात्री नसते. असा नग घरात गेला की विज्ञानाच्या दृष्टीने तो हरवल्यासारखाच, आणि त्याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

घरी आल्यावर

जुरासिक काळातल्या काळ्या चिकणमातीतल्या हाडांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असते. इंग्लंडच्या लाइम रीजिसकडचे इक्थिओसॉर हे याचे नेहमीचे उदाहरण. पायराइटला हवा आणि ओलावा मिळाला की त्यातून गंधकाम्ल आणि लोहाचे क्षार तयार होतात. क्षार फुगतात आणि हाड आतून फुटते. आधी गंधकाचा वास येतो, मग पिवळट-पांढरी भुकटी दिसते, लेबलाचा कागद तपकिरी पडून जळल्यासारखा होतो. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की ही क्रिया वेगाने होते. पेटीत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) ठेवा आणि आकडा ५० च्या खाली राखा. भुकटी दिसलेला नग लगेच वेगळा करा, कोरड्या मऊ ब्रशने साफ करा आणि हवाबंद डब्यात ठेवा. दर लिटर जागेला सुमारे २० ग्रॅम सिलिका जेल घाला. पाण्याने धुवू नका. वर लाखेचा किंवा वार्निशचा हात दिला तर ओलावा आतच कोंडतो आणि नास चालूच राहतो.

उलट बाजूही आहे. शेल या पापुद्र्यांच्या दगडाच्या पातळ पाटीवरचा नग फार कोरडा केला तर पापुद्रे सुटतात. जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या पाट्यांना म्हणून एकदम ३० टक्क्यांवर आणू नका. उन्हाची खिडकी आणि एसीचा थेट झोतही टाळा.

तुकडा निखळला तर झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट हाताशी असला तरी वापरू नका. तो सहजी सुटत नाही, आणि तुकडा अर्धा मिलिमीटर चुकला तर चुकलेलाच राहतो. पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचे दाणे ॲसिटोनमध्ये विरघळवा: भुसभुशीत हाडाला पाजायला १०० मिलीलिटरला ५ ग्रॅम, जोडायला ४० ते ५० ग्रॅम. दाणे जाळीच्या पिशवीत घालून वर टांगले तर तळाशी गोळा होत नाही. दमट हवेत लावले तर पांढुरके होते, म्हणून कोरडा दिवस पाहा. आणि ॲसिटोन पेट घेतो, जवळ ज्योत नको. हा जोड पुढे ॲसिटोननेच सोडवता येतो.

शेवटी नंबर. न दिसणाऱ्या बाजूला नखाएवढ्या जागेत पॅरालॉइडचा पातळ थर द्या, तो सुकू द्या, काळ्या शाईने लेबलावरचाच नंबर लिहा आणि वर दुसरा थर द्या. मूळ लेबल नगाच्या पेटीत, त्याचा फोटो आणि बिल दुसरीकडे. पार्सल उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा आणि फोममधला चुरा फेकू नका. वाटेत निखळलेला कण त्यातच सापडतो, आणि तो मिळाला तर जोड आम्ही बिनचूक बसवून देऊ शकतो.