घोरण्याचं कारण डेंटिस्टच्या खुर्चीत सापडलं

माझ्या मोठ्या भावाच्या दाढेची कॅप वर्षभरात दुसऱ्यांदा तुटली म्हणून तो डेंटिस्टकडे गेला, मी आणि वहिनी सोबत होतो. डॉक्टरांनी कॅप बघितली, बाकीचे दात बघितले आणि म्हणाल्या जीभ बाहेर काढा. जिभेच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे होते, अगदी करंजीच्या मुरडलेल्या कडेसारखे. मग त्यांनी दादाला नाही, वहिनीला विचारलं, "हे रात्री घोरतात का हो?" वहिनी म्हणाली घोरणं सोडा, मधेच आवाज एकदम बंद पडतो आणि मी अंथरुणात आकडे मोजत बसते, मग ते दचकून मोठा श्वास घेतात आणि परत सुरू.

आपल्याकडे कोणी घोरत असलं की म्हणतात बघा किती गाढ झोपलाय. ते गाढ झोपणं असेलच असं नाही, आणि हे मला सगळ्यांना सांगायचंय.

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ खाली येते आणि हवा जायची वाट अरुंद होते, त्या फटीतून हवा जाताना जो थरथराट होतो ते घोरणं. काहींची वाट पूर्णच बंद होते. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की त्याला अॅप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो आणि सकाळी यातलं काही आठवत नाही. पूर्ण किंवा अर्धवट श्वास अडकण्याचे असे प्रकार तासाला ५ ते १५ वेळा होत असतील तर त्रास सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. म्हणजे गंभीर केसमध्ये दर दोन मिनिटाला एकदा तरी! रात्रभर शरीराची ही झटापट चालल्यावर बीपी वाढणार नाही तर काय होईल, आणि हृदयविकार, पॅरालिसिस यांचाही धोका वाढतो. सकाळी डोकं दुखणं, रात्री सारखं लघवीला उठणं, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणं ही पण याचीच लक्षणं असू शकतात.

मग डेंटिस्ट कुठून आला? अहो, आपलं तोंड उघडून इतका वेळ आत बघणारा दुसरा डॉक्टर कोण असतो? झिजलेले दात (झोपेत दात खाणं आणि अॅप्निया बऱ्याचदा एकाच माणसात दिसतात), सकाळी कोरडं पडणारं तोंड, मागे असलेला खालचा जबडा, अरुंद उंच टाळू, मोठे टॉन्सिल्स, सगळं त्यांना दिसतं. मूळचे भारतीय भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५ साली एक साधी पद्धत मांडली, तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ आणि मागचा घसा किती दिसतो त्यावरून तीन वर्ग (चौथा नंतर जोडला गेला). ती मुळात भूल देताना नळी घालायला किती अवघड जाईल हे ओळखायला होती, पण आता अॅप्नियाचा अंदाज घ्यायलाही वापरतात. आणि हो, हा फक्त जाड माणसांचा आजार नाही, जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसांनाही होतो.

पण डेंटिस्ट फक्त शंका घेऊ शकतो, निदान स्लीप स्टडीनेच होतं. दादाची घरीच झाली, बोटाला क्लिप, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा. आकडा आला तासाला २२.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे सीपॅप मशीन, जे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगापुढे आणलं. गंभीर त्रास असेल तर आधी तेच. दादाने दोन महिने खूप प्रयत्न केला पण मास्क लावला की त्याला गुदमरायचं, झोपेतच काढून टाकायचा. अशांसाठी डेंटिस्टने मापं घेऊन बनवलेलं उपकरण असतं, वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन प्लेट, ज्या खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. बेशुद्ध माणसाचा जबडा पुढे उचलून श्वासाची वाट मोकळी करतात ना, तेच तत्त्व. जबड्याबरोबर जीभही पुढे येते. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांनी आणि डेंटिस्टांनी २०१५ मध्ये मिळून जी गाइडलाइन काढली त्यातही सीपॅप न झेपणाऱ्यांना हेच सुचवलंय, तेही मापाचं आणि हळूहळू पुढे सरकवता येणारं.

ऑनलाइन मिळणारं गरम पाण्यात मऊ करून चावायचं घेऊ नका प्लीज. घोरणं कमी झालं की माणूस निश्चिंत होतो आणि आत श्वास अडकणं चालूच राहू शकतं. म्हणून उपकरण लावून परत टेस्ट करायची असते. हिरड्या खराब असतील, दात हलत असतील, पुरेसे दात नसतील तर हे बसत नाही. सुरुवातीला लाळ येते, जबडा दुखतो आणि काही वर्षांनी दातांची ठेवण थोडी बदलूही शकते, त्यामुळे डेंटिस्टकडे जात राहावं लागतं.

दादाच्या जबड्याला पहिले पंधरा दिवस सकाळी चहाबरोबर खारी चावणंही जड जायचं, मग सवय झाली. दुसऱ्या टेस्टमध्ये आकडा ६ आला. वहिनीला मात्र ती शांतता झेपेना, आवाज नाही म्हणून मधेच उठून दादाच्या छातीवर हात ठेवून बघायची, श्वास चालू आहे ना.