हजार वॅट राहू द्या, पहिला वॅट नीट द्या

गणपती जवळ आले की स्पीकर-सेटच्या जाहिरातींत एकच आकडा फिरायला लागतो: '१०,००० वॅट पीएमपीओ', म्हणजे क्षणभराची म्हणून सांगितलेली कमाल ताकद. डबा उचलून पाहावा तर हलकाफुलका, मागे साधी ६ अँपियरची पिन. २३० व्होल्टला ६ ने गुणा, १,३८० वॅट होतात. भिंतीतून येणार जास्तीत जास्त एवढे आणि स्पीकरमधून निघणार दहा हजार! असं यंत्र खरंच असतं, तर एकलहऱ्याचं वीज केंद्र कधीच बंद करता आलं असतं.

घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्याने हा आकडा डोक्यातून काढूनच टाकावा. साधारण स्पीकरला १ वॅट दिला, तरी एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल आवाज मिळतो. शेजाऱ्यांनी दार वाजवायला तेवढा पुरतो. आपलं रोजचं ऐकणं वॅटच्या अंशांवरच चालतं, आणि अ‍ॅम्पची खरी परीक्षा तिथेच होते.

ती कशी? आवाजाची विद्युतलाट शून्याच्या वर-खाली हलते. वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. वखारीत दोघं मिळून करवत ओढतात तसं. पण सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला जागं व्हायलाच सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. त्यामुळे मधल्या सव्वा व्होल्टात करवत कोणाच्याच हातात नसते. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट देताना लाटेचं शिखर २८ व्होल्टवर जातं, त्यात हे भगदाड लपून जातं. १ वॅटला शिखर ४ व्होल्ट. आणि ०.१ वॅटला? जेमतेम १.२६ व्होल्ट, म्हणजे लाटेची जवळजवळ निम्मी उंचीच गायब. फीडबॅक, म्हणजे बाहेर पडलेली लाट आत आलेल्या लाटेशी ताडून चूक सुधारणारी जोडणी, यातलं बरंच झाकतो, सगळं नाही. नाशिक ढोल लावून हा दोष कळायचा नाही. त्यापेक्षा १९२१ साली नाशिकमध्येच जन्मलेल्या द. वि. पलुस्करांचं एखादं ध्वनिमुद्रण अगदी हळू लावा. तंबोऱ्याचा नाद विरत जातो तिथे खरखरीत कडा ऐकू आली, तर समजा हेच झालंय.

यावरचा उपाय म्हणजे बायस. दोन्ही ट्रान्झिस्टरना आधीच थोडा व्होल्टेज देऊन अर्धवट जागं ठेवायचं, गाणं नसतानाही थोडा करंट वाहू द्यायचा. खरी गंमत इथून सुरू होते. ट्रान्झिस्टर तापला की त्याची ०.६ व्होल्टची गरज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. आणि साधारण ६० मिलिव्होल्टचा फरक पडला की करंट दहापट होतो. जानेवारीतल्या पहाटे १० अंशांवर बायस लावून ठेवला आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंशांवर अ‍ॅम्प सुरू केला, तर ३० गुणिले २ झाले ६०. कागदावर करंट दहापट! तो वाढला की ट्रान्झिस्टर आणखी तापतो, तापला की करंट आणखी वाढतो. ट्रान्झिस्टरला बेस, कलेक्टर आणि एमिटर असे तीन पाय असतात; एमिटरमधले छोटे रेझिस्टर याला थोडा लगाम घालतात. नाहीतर शेवट ठरलेला: ट्रान्झिस्टर शॉर्ट, फ्यूज गेला, जळका वास.

म्हणून बायस ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर मोठ्यांच्याच हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर, बसवतात. ते तापले की हाही तापतो आणि बायस आपसूक कमी करतो. मला तर अख्ख्या अ‍ॅम्पमध्ये मन रमायला ही एवढी एकच जागा पुरेशी आहे. याला जोडलेला प्रीसेट (स्क्रूने फिरवून कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर) बेस आणि एमिटरच्या बाजूला ठेवावा, कलेक्टरच्या नव्हे. प्रीसेटचा संपर्क कधीतरी सुटतोच. बेस-एमिटरच्या बाजूला सुटला तर बायस खाली येतो, दुसऱ्या बाजूला सुटला तर थेट वर जातो. (टीडीए २०३० सारखी आयसी, म्हणजे तयार चिप, वापरणाऱ्यांना ही डोकेदुखी नाही, सगळं आतच असतं.)

इंदिरानगरच्या एका मित्राचा बोर्ड पाहिला. बायसचा छोटा ट्रान्झिस्टर, बीडी १३९, बोर्डावर ताठ उभा, हीटसिंक चार बोटं लांब. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावला: १० मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण ४५ मिलिअँपियर. ठीक. थोडं गाणं वाजवून पुन्हा पाहिलं तर १८, मग २७, आकडा थांबेचना. बीडी १३९ ला वायरी जोडून, खाली अभ्रक आणि पेस्ट घालून हीटसिंकवर स्क्रूने कसला, तेव्हा आकडा १० च्या आसपास टिकला.

नव्या अ‍ॅम्पपुढे नारळ फोडा, माझी हरकत नाही. पण पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये, म्हणजे येणाऱ्या विजेच्या वाटेतच, १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब लावा. एलईडी चालणार नाही, कारण इथे तापून रोध वाढवणारी तारच कामाची. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. सोन्याच्या मुलाम्याच्या केबलचे पैसे वाचवून चांगला मल्टीमीटर घ्या.

हम, म्हणजे गाणं नसतानाही येणारी गुणगुण, येत असेल तर आधी कान द्या. ५० हर्ट्झची खोल घरघर असेल तर अर्थिंगची जोडणी किंवा ट्रान्स्फॉर्मरची जागा पाहा. १०० हर्ट्झची भणभण असेल तर सप्लायचे कंडेन्सर तपासा, कारण रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) लाटेचे दोन्ही भाग एकाच बाजूला आणतो. आणि स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज, मोजा. तो ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त भरला, तर स्पीकर अजून खोक्यातच राहू द्या.