मातीची भाजलेली वीट : गुण आणि प्रतवारी

चिकणमाती, पोयटा आणि बारीक वाळू यांचे योग्य मिश्रण पाण्यात मळून, साच्यात पाडून, सावकाश वाळवून आणि भट्टीत भाजून केलेला एकसारख्या मापाचा बांधकामाचा ठोकळा म्हणजे मातीची पक्की वीट होय. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा नवाश्मयुगापासून वापरात आहेत. पक्क्या विटांचा मोठ्या प्रमाणावरील वापर सिंधू संस्कृतीच्या नगरांत दिसतो; मोहेंजोदडो व हडप्पा येथील विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असे आढळते. लांबी रुंदीच्या दुप्पट असली, की भिंतीच्या लांबीला समांतर व आडव्या लावलेल्या विटा एकमेकींत बसतात आणि सांधमोड (एका थरातला उभा सांधा वरच्या थरातल्या सांध्याखाली न येणे) सहज साधते.

विटेचा दर्जा ठरायला मातीपासूनच सुरुवात होते. चांगल्या मातीत सिलिका सुमारे ५० ते ६० टक्के आणि ॲल्युमिना २० ते ३० टक्के असते. ॲल्युमिनामुळे माती साच्यात हवा तो आकार घेते, पण तिचे प्रमाण वाढले तर वीट वाळताना आक्रसून वेडीवाकडी होते. सिलिका हे आक्रसणे आवरते. तिचा अतिरेक झाला तर वीट ठिसूळ निघते. लोहाच्या ऑक्साइडामुळे लाल रंग येतो. चुना अल्प प्रमाणात आणि बारीक कणांच्या रूपात असेल तर तो मातीचे कण एकजीव व्हायला मदत करतो. तोच खड्यांच्या रूपात राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना बनतो आणि वीट भिंतीत बसल्यानंतर ओल लागताच तो फुगून विटेचा कपचा उडवतो. अशा खळग्याच्या तळाशी पांढरा, भुसभुशीत ठिपका हमखास सापडतो.

भाजण्याच्या क्रियेत मातीचे स्वरूप कायमचे बदलते. सुमारे ४५० ते ६५० अंश सेल्सियसच्या दरम्यान चिकणमातीच्या खनिजांच्या रचनेत बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर वीट भिजली तरी तिचा पुन्हा चिखल होत नाही. सुमारे ९०० अंशांच्या पुढे मातीतील काही घटक वितळून काचरूप होतात व उरलेल्या कणांना जखडून ठेवतात. बहुतेक विटा ९०० ते १,१०० अंशांच्या दरम्यान भाजल्या जातात. थंड करतानाही घाई चालत नाही, कारण ५७३ अंशांजवळ क्वार्ट्झचे आकारमान एकाएकी बदलते आणि त्या टप्प्यावर तापमान झपाट्याने उतरले तर वीट तडकते.

एकाच भट्टीतील सर्व विटांना सारखी आच लागत नाही आणि प्रतवारीची गरज मुळात त्यातूनच निर्माण होते. पारंपरिक पद्धतीत पहिल्या प्रतीची वीट पूर्ण भाजलेली, एकरंगी, धारदार कडांची आणि काटकोनी असते. ती गिलावा न करता उघड्या ठेवायच्या भिंतींना व भार पेलणाऱ्या कामाला वापरतात. दुसऱ्या प्रतीची वीट तितकीच भाजलेली असली तरी तिच्या कडा व पृष्ठभाग किंचित ओबडधोबड असतात, त्यामुळे ती गिलाव्याखाली चालते. तिसऱ्या प्रतीची वीट कमी भाजलेली, फिकट व मऊ असल्याने तात्पुरत्या आणि कोरड्या जागेतील कामापुरतीच ठेवावी. आचेच्या अगदी जवळ वितळून वाकड्या झालेल्या विटा म्हणजे खंगर. खंगर भिंतीसाठी निरुपयोगी असला तरी अतिशय कठीण असतो, म्हणून तो फोडून पायाच्या भरावात आणि रस्त्याच्या थरात घालतात.

कामाच्या जागी करता येणाऱ्या परीक्षा साध्या आहेत. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज यावा. आवाज बद्द आला तर वीट कच्ची तरी आहे किंवा आतून चिरलेली तरी. नखाने ओरखडा उमटू नये. वीट फोडून पाहणे मात्र सर्वांत उपयुक्त, कारण बाहेरचा लाल रंग फसवू शकतो. तुटलेला भाग सर्वत्र सारख्या पोताचा, खडे, पोकळ्या आणि गाठी नसलेला असावा. मधोमध काळपट गाभा दिसला तर मातीतील सेंद्रिय द्रव्य पुरते जळण्याआधीच आच वाढवली गेली, असे बहुधा समजावे.

प्रयोगशाळेतील प्रतवारी मात्र आकड्यांवर चालते. भारतीय मानक १०७७ नुसार विटांचे वर्ग दाबबलावरून (दाब सोसण्याच्या क्षमतेवरून) पाडले आहेत, ते ३.५ पासून ३५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरपर्यंत आहेत. वीट २४ तास थंड पाण्यात बुडवून ठेवली असता तिने शोषलेले पाणी १२.५ पर्यंतच्या वर्गांत कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून आणि त्यावरील वर्गांत १५ टक्क्यांहून अधिक असू नये, अशी अट आहे. प्रमाणित विटेचे माप १९० × ९० × ९० मिलिमीटर असते. सांध्यातील मसाला धरून ते २०० × १०० × १०० होते आणि भिंतीचा हिशेब सोपा जातो.

केवळ दाबबल पाहून वीट निवडणे चुकीचे आहे. पाण्याशी तिचे वागणे अधिक सांगून जाते. जेथे बर्फ पडतो तेथे छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि त्याला जागा उरली नसेल तर विटेचे पापुद्रे सुटतात. म्हणून अमेरिकी मानकात थंड पाण्यातील शोषण आणि पाच तास उकळल्यानंतरचे शोषण यांचे गुणोत्तर काढतात. उकळल्यावर विटेत जास्त पाणी शिरते, याचा अर्थ एरवी तेवढी छिद्रे रिकामी राहतात आणि प्रसरणाला वाव मिळतो. तीव्र हवामानासाठीच्या प्रतीत हे गुणोत्तर सरासरी ०.७८ हून अधिक चालत नाही, मध्यम हवामानासाठी ही मर्यादा ०.८८ आहे. येथे प्रत ठरवताना वीट कोठे बसणार आहे याचा विचार आधी होतो, आणि तीच दृष्टी योग्य आहे.

दुसरा प्रश्न लोणा, म्हणजे विटेवर फुटून येणारे पांढरे क्षार, याचा. विटेतील, मसाल्यातील किंवा जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीतील विद्राव्य क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेले की पांढरे पीठ मागे राहते. भारतीय मानकानुसार चाचणीत क्षारांचा थर पृष्ठाच्या १० टक्क्यांपर्यंत असेल तर लोणा किंचित आणि ५० टक्क्यांपर्यंत असेल तर मध्यम मानतात. पृष्ठाची भुकटी होऊन पापुद्रे सुटू लागले की तो गंभीर ठरतो.

विटेचे फायदे तिच्या जडणघडणीतूनच येतात. ती आगीतून तयार झालेली असल्याने जळत नाही, विषारी धूर सोडत नाही, तिला वाळवी लागत नाही आणि ती कुजत नाही. घनमीटरला साधारण १,६०० ते १,९०० किलोग्रॅम एवढ्या वजनामुळे जाड भिंत आवाज चांगला अडवते. वीट उष्णतारोधक असते असे सरसकट म्हटले जाते, ते नेमके नाही: भरीव विटेतून उष्णता जाते, पण भिंत ती साठवत हळूहळू पुढे सोडते, त्यामुळे दिवसाचे ऊन आत पोहोचायला काही तास लागतात. एका हातात मावणारे माप हाही मोठा लाभ आहे, कारण त्यामुळे कमानी, वळणे आणि अरुंद कोपरे यंत्राविना बांधता येतात. चुन्याच्या मसाल्यातील विटा सुट्या करून पुन्हा वापरता येतात. कडक सिमेंटमध्ये बसवलेल्या विटा बहुधा काढतानाच फुटतात.

उत्तम वीट घेतली म्हणजे भिंत उत्तम होते असे नाही. भिंतीचे बल सुट्या विटेच्या बलापेक्षा बरेच कमी भरते आणि ते मसाला, सांध्यांची जाडी व गवंड्याची सफाई यांवर ठरते. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो, म्हणून जास्त शोषणाऱ्या विटा आधी भिजवाव्या लागतात. मसाला विटेहून किंचित मऊ असावा, म्हणजे हालचाल झाली तर चीर सांध्यात पडते व दुरुस्त करता येते. भट्टीतून काढलेली वीट हवेतील ओल घेऊन काही काळ सूक्ष्म प्रमाणात वाढत राहते, यासाठी लांब भिंतींत ठरावीक अंतरावर प्रसरण सांधे सोडतात.

वीटकाम दाब उत्तम सोसते, ताण फारच कमी सोसते. भूकंपप्रवण भागात म्हणूनच जोत्यापाशी आणि दरवाजे-खिडक्यांच्या वर सलोह काँक्रीटचे आडवे पट्टे घालणे आवश्यक ठरते. सुपीक जमिनीचा वरचा थर विटांसाठी खरवडला जाणे आणि भट्ट्यांचा धूर हे या उद्योगाचे गंभीर दोष आहेत. मातीत राख मिसळणे, सुधारित भट्ट्या वापरणे आणि सच्छिद्र (मुद्दाम भोके ठेवलेल्या) विटा पाडणे यांमुळे माती व इंधन दोन्ही वाचतात. सच्छिद्र वीट वजनाला हलकी असून भरीव विटेपेक्षा उष्णताही अधिक अडवते.