गाडी चढावरच का मिसिंग मारते?

इंदुरात पहिला जोराचा पाऊस झाला की दुचाकीच्या गॅरेजांत एकच तक्रार ऐकू येते: गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे इंजिन मधेच ठोके चुकवतंय. गाडीवाल्याचं निदानही तयार असतं, 'पेट्रोलमध्ये पाणी आलंय.' मग टाकी रिकामी करा, कार्बोरेटर उघडा, पंपवाल्याला शिव्या घाला. पाणी कधी कधी येतंही. पण ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढाला झटके देणारी गाडी घरासमोर न्यूट्रलमध्ये सुरळीत धडधडत असेल, तर टाकीला हात लावण्याआधी इंजिन बंद करून प्लगची कॅप हलवून बघा. (प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग, आणि कॅप म्हणजे त्याच्या डोक्यावर बसणारं वायरचं टोपण.) बऱ्याचदा ती डुगडुगते.

आता प्रश्न असा की कॅप ढिली असेल तर ती सपाट रस्त्यावरही ढिलीच असणार. मग त्रास चढावरच का?

बॅटरी १२ व्होल्टची, आणि ठिणगीला लागतात हजारो व्होल्ट. हे काम इग्निशन कॉइल करते. लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी, दुसऱ्यात पहिल्याच्या साधारण शंभरपट वेढे. पहिल्यातला प्रवाह झटकन बदलला की दुसऱ्यात प्रचंड व्होल्टेज उमटतं. मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं तत्त्व ते हेच. सीडीआय (कपॅसिटरवर चालणारं इग्निशन) असलेल्या गाड्यांत कपॅसिटरमध्ये साठवलेले दोन-तीनशे व्होल्ट एकदम पहिल्या वेटोळ्यात सोडतात, एवढाच फरक.

कॉइल वीस हजार व्होल्ट 'देते' असं आपण म्हणतो, ते मात्र अर्धंच खरं आहे. व्होल्टेज शून्यापासून चढत जातं आणि प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतला वायू फुटून वाहक झाला की तिथेच थांबतं. किती चढायचं हे कॉइल ठरवत नाही, फट ठरवते. वीस-पंचवीस हजार ही कॉइलची कमाल झाली.

फट हे कशावरून ठरवते? फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मध्ये याचा नियम मांडला: वायूचा दाब आणि फटीची लांबी यांचा गुणाकार वाढला की ठिणगीला लागणारं व्होल्टेजही वाढतं. (गुणाकार फारच लहान झाला तर ते उलट पुन्हा वर जातं. पाशेनचा तो आलेख मोठा देखणा आहे, पण आपल्या इंजिनात ती वेळ येत नाही.) बाहेरच्या साध्या हवेत १ मिलिमीटर फटीला सुमारे ४ हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलेलं असतं, म्हणून फट मिलिमीटरपेक्षा कमी असूनही मागणी मोठी. त्यात न्यूट्रलला थ्रॉटल (मुठीनं उघडणारी, मिश्रण आत सोडणारी झडप) जवळजवळ मिटलेला, आत मिश्रण थोडं, दाब कमी. चढावर मूठ पूर्ण पिळली की सिलिंडर गच्च भरतो आणि मागणी कितीतरी वर जाते.

आता ढिली कॅप घ्या. तिच्यात आणि प्लगच्या टोकात अर्धा मिलिमीटर जागा राहिली की ती दुसरी फट झाली, पहिलीच्या ओळीत. वीज तिथेही उडी मारते, दोन-एक हजार व्होल्ट जास्तीचे मागते. सपाटीवर कॉइलकडे तेवढी शिल्लक असते, म्हणून काही कळत नाही. घाटात शिल्लक संपते. वर कॅपवर माळव्याच्या काळ्या मातीचा ओला थर असला, तर विजेला सिलिंडरमधल्या फटीपेक्षा बाहेरून इंजिनच्या धातूवर उतरणं सोपं पडतं. अंधारात कधी ती निळसर सरपटताना दिसतेसुद्धा.

शिवाय हे दुखणं स्वतःच वाढतं. कॅपमधल्या प्रत्येक ठिणगीत ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं, पितळ हिरवं पडतं, रबराला चिरा जातात आणि पकड आणखी सुटते. हेडलाइटखाली लिंबू-मिरची बांधून यातलं काही थांबत नाही; शनिवारी ती बदलताना निदान कॅपकडे नजर टाकली तरी पुष्कळ. महागडा इरिडियम प्लग हाही यावरचा इलाज नव्हे. त्याचं टोक बारीक म्हणून ठिणगीला व्होल्टेज थोडं कमी लागतं आणि तो टिकतोही जास्त, पण ढिली कॅप ढिलीच राहते.

दुरुस्ती सोपी आहे. इंजिन गार होऊ द्या. वायर न ओढता कॅपच धरून, थोडी फिरवत काढा. प्लगच्या डोक्यावर आटे असलेली छोटी टोपी असते, ती ढिली असेल तर पकडीनं आवळा. आतलं हिरवं-पांढरं पॉलिश पेपरनं घासा. बऱ्याच गाड्यांत कॅप वायरवर स्क्रूनं बसलेली असते. ती उलटी फिरवून काढा, वायरला लांबी असेल तर काळवंडलेलं टोक पाच-सहा मिलिमीटर कापा आणि कॅप पुन्हा घट्ट फिरवा. मीटर लावल्यावर कॅपमध्ये ५ हजार ओम दिसले तर ती फेकू नका. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तो रोध मुद्दाम घातलेला असतो. चालू गाडीची कॅप उपटून 'करंट बघणं' मात्र नको. झटका बसतो तो बसतोच, पण फट न मिळाल्यानं कॉइलचं व्होल्टेज कमालीपर्यंत चढतं आणि तिचं आतलं इन्सुलेशन फुटू शकतं.

प्लगच ढिला असेल तर आधी हातानं पूर्ण बसवा, मग पान्यानं: नवा असेल तर सुमारे अर्धा फेरा, जुना असेल तर त्याहून बराच कमी. हेड ॲल्युमिनियमचं असतं. जोर जास्त लावला की आटे जातात, आणि मग काम लेथवाल्याकडे.