झोपेतच जपलेली ताकद

स्नायूचा एकेक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. तिच्यात शेकडो केंद्रके असतात, पण त्यांतले एकही पुन्हा विभागत नाही. मग फाटलेला स्नायू भरून येतो कसा?

याचा धागा १९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सापडला. अलेक्झांडर मॉरो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचा स्नायू तपासत होते. तंतू आणि त्यावरचे पातळ आवरण यांच्या सांदीत त्यांना छोट्या पेशी दिसल्या. त्यांना मॉरोंनी ‘सॅटेलाइट पेशी’ म्हटले. याच स्नायूच्या मूलपेशी. एरवी त्या निद्रिस्त असतात. इजा झाली की जाग्या होऊन विभागतात. काही नवे तंतू घडवतात, काही परत सांदीत जाऊन झोपतात. उंदरांमधल्या या पेशी नष्ट केल्या, तेव्हा दुखावलेला स्नायू भरून आलाच नाही.

माणसात हा अभ्यास अवघड. जागा बधिर करून मांडीतून सुईने हरभऱ्याएवढा तुकडा काढतात, विकरांनी तो विरघळवतात आणि पृष्ठभागावरच्या सीडी५६ या प्रथिनावरून पेशी वेगळ्या करतात. पण खरी अडचण पुढे आहे. या सगळ्या उलाढालीतच पेशी जागी होते, आणि प्लास्टिकच्या बशीत वाढवली की तिचे मूलपेशीपण झपाट्याने ओसरते. १९९० च्या दशकात ड्युशेन स्नायुक्षय, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार, झालेल्या मुलांना अशा वाढवलेल्या पेशी टोचल्या गेल्या. फार आशा होती, पण बहुतेक पेशी मेल्या आणि उरलेल्या सुईच्या वाटेपलीकडे फारशा सरकल्या नाहीत. त्या मुलांच्या आईवडिलांना काय वाटले असेल!

म्हणून मला २०१२ चे पॅरिसचे संशोधन मोलाचे वाटते. पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गटाला, मृत्यूनंतर सतरा दिवसांनी माणसाच्या स्नायूतून जिवंत मूलपेशी मिळाल्या. प्राणवायू संपल्यावर त्यांनी चयापचय मंदावून आणखी गाढ झोप घेतली होती. पेशी किती वाढवता येतात यापेक्षा त्या किती शांत ठेवता येतात, हा प्रश्न आता मला महत्त्वाचा वाटतो.

त्या दिशेने काम सुरूही आहे. स्टॅनफर्डमध्ये २०१० साली दिसले की, स्नायूइतक्याच मऊ जेलवर वाढवलेल्या उंदराच्या मूलपेशी आपला गुण राखतात. २०१६ मध्ये तिथल्याच दुसऱ्या गटाने सांदीची नक्कल करणारे कृत्रिम तंतू आणि पोषक द्रव तयार केला. त्यात माणसाच्या पेशीही निद्रिस्त राहिल्या, आणि उंदरांत रोवल्यावर अधिक चांगल्या रुजल्या.