बंद डिकीतला रेटा

आमच्या काकांची १९८४ची पद्मिनी अजून चालते. रंग नवा, सीटकव्हर नवी, पण डिकीचं झाकण कित्येक वर्षं एका लाकडी दांडक्यावर उभं राहायचं. मूळ आधार कधीतरी तुटून गेलेला. एकदा भाजीच्या पिशव्या काढताना दांडकं सटकलं आणि झाकण थेट काकांच्या मानेवर आलं. पुढच्याच आठवड्यात ते पुण्याच्या नाना पेठेतून डिकीचे शॉकर घेऊन आले. कागदोपत्री नाव गॅस स्ट्रट. गॅरेजात सगळे शॉकरच म्हणतात. "यातला दमदार कुठला?" एवढंच त्यांनी दुकानात विचारलं होतं. बसवल्यावर झाकण असं उसळलं की काकू दोन पावलं मागे सरकल्या. सगळे खूश! मग पाऊस सुरू झाला आणि डिकीत पाणी साचायला लागलं. पाहिलं, तर बंद झाकणाची बिजागऱ्यांकडची कड वर आली होती. बोट फिरवलं की नखाला लागायची.

दोष मालाचा नव्हता, निवडीचा होता. तो कळायला त्या नळकांड्याच्या आत डोकवावं लागतं.

नळीत दाबून भरलेला नायट्रोजन असतो, थोडं तेल असतं आणि दांड्याच्या टोकाला दट्ट्या. गंमत अशी, की दट्ट्याला बारीक छिद्र असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना तोच वायू आणि तोच दाब असतो. मग दांडा बाहेर ढकलतो कोण? दट्ट्याच्या एका बाजूला वायू पूर्ण चकतीवर दाबतो. दुसऱ्या बाजूला चकतीचा मधला भाग दांड्यानेच व्यापलेला असतो, तिथे वायूला दाबायला जागाच नाही. दोन्हींची वजाबाकी केली की उरतं फक्त दांड्याच्या जाडीएवढं क्षेत्रफळ. म्हणजे शॉकरची ताकद दट्ट्याच्या आकारावर नाही, तर वायूचा दाब आणि दांड्याची जाडी यांवर ठरते. ८ मिलिमीटर जाड दांड्याचा छेद सुमारे ५० चौरस मिलिमीटर. त्यातून ३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३० किलोचा रेटा हवा असेल, तर आत ६० बार दाब लागतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो. म्हणूनच बाद झालेला शॉकर कापू नये, त्याला भोक पाडू नये, गॅस कटरजवळ तर नेऊच नये.

नळीवर छापलेला आकडा दांडा बाहेर असतानाचा. झाकण बंद करताना दांडा आत शिरतो, वायूची जागा अडवतो आणि दाब वाढतो. १६६२ साली रॉबर्ट बॉईलने मांडलेला नियम तो हाच. मिटलेल्या शॉकरचा रेटा छापील आकड्यापेक्षा २० ते ४० टक्के जास्त भरतो. डिकी बंद असते तेव्हाच तो सर्वांत जोरात रेटत असतो, तेही रात्रंदिवस.

मग बंद झाकण उघडत का नाही? कुलूप आहेच, पण त्याच्यावर फार भार पडत नाही. मिटलेला शॉकर जवळजवळ बिजागरीच्या दिशेनेच ताणून बसतो. दार बिजागरीजवळ ढकललं तर जिवाच्या आकांतानेही हलत नाही, तसंच हे. झाकण फिरवायला त्या रेट्याचा उपयोग नसतो, पण रेटा तर आहेच; तो जातो सरळ बिजागरीत. काकांनी ६०० न्यूटनची जोडी लावली होती. मिटल्यावर प्रत्येकी ७८० धरा, दोन्हींचे मिळून दीडशे किलोच्या वर. फियाट ११०० च्या घराण्यातली ही गाडी. तिच्या बिजागऱ्यांनी आयुष्यभर फक्त झाकणाचं वजन पेललेलं, त्यात चाळीस पावसाळ्यांचा गंज. कड वर येणार नाही तर काय?

हिशेब अवघड नाही. प्रवासाची बॅग तोलायचा लटकता काटा घेतला, झाकण आडवं होईपर्यंत उचललं आणि काटा त्याच्या कडेला अडकवला. भरले ७ किलो. बिजागरीपासून कड ८० सेंटीमीटर. ७ किलो म्हणजे सुमारे ६९ न्यूटन, गुणिले ०.८ मीटर; म्हणजे झाकण खाली फिरवू पाहणारा जोर सुमारे ५५ न्यूटन-मीटर. आडवं असताना हा जोर सर्वांत जास्त. झाकण ६० अंश वर गेलं, म्हणजे पूर्ण उघडलं, की निम्मा होतो.

आता शॉकरची बाजू. त्याची रेषा बिजागरीपासून किती लांबून जाते, त्यावर त्याचं बळ लागू पडतं. आमच्याकडे झाकण आडवं असताना हे अंतर ६ सेंटीमीटर होतं आणि पूर्ण उघडल्यावर १०. दांडा आत जाताना रेट्यात होणारी थोडी वाढ सोडून देऊन ३०० न्यूटनच्या जोडीचा हिशेब केला. आडव्या झाकणाला ३६ न्यूटन-मीटरची मदत, म्हणजे हाताला कडेशी फक्त अडीच किलो उरतात. पूर्ण उघड्या झाकणाला ६०, गरज २७ची. म्हणजे पडायची भीती नाही. आणि ६००ची जोडी? आडव्या अवस्थेतच ७२. झाकण आपणहून उसळतं आणि पूर्ण उघडलेलं बंद करायला कडेवर १२ किलोचा दाब द्यावा लागतो. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीचं झाकण आपणहून उघडावं हा हट्टच सोडावा. सुरुवातीला हात लावावा लागला तर बिघडलं काय?

आम्ही ३००ची जोडी घेतली. जागा ठरवायला झाकणाची बाजू पुठ्ठ्यावर कापली, बिजागरीच्या जागी टाचणी टोचली आणि फिरवून पाहिलं. शॉकर पूर्ण मिटण्याआधी झाकण बंद व्हायला हवं, सेंटीमीटरभर तरी हातचा राखून. नाहीतर कुलूप लागायच्या आधीच पत्रा वाकतो. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून शॉकरचं टोक ज्या गोल डोक्याच्या बोल्टवर बसतं, त्याच्यामागे लोखंडी पट्टी दिली. दांडा खालच्या बाजूला ठेवला. त्यामुळे तेल सीलपाशी, म्हणजे दांडा जिथून आत-बाहेर होतो तिथल्या रबरी कड्यापाशी राहतं, सील सुकत नाही, आणि झाकण वर पोचताना दट्ट्या तेलातून जात असल्याने धाडकन आपटत नाही. दांड्यावर रंगाचे शिंतोडे मात्र उडू द्यायचे नाहीत. खरखरीत दांडा सील खातो.

थंडीचा प्रश्न काकांनी स्वतःच काढला. दाब निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या केल्विनच्या प्रमाणात बदलतो. जानेवारीतल्या पहाटे १० अंश म्हणजे २८३ केल्विन, उन्हात तापलेल्या डिकीत ५० अंश म्हणजे ३२३. घट सुमारे १२ टक्के. दुपारी ३०० देणारा शॉकर पहाटे २६३ वर येतो. आमच्या मापाने तेवढ्यातही उघडं झाकण टिकतं.

बिजागऱ्या सरळ करून घेतल्या, रबर बदललं. कडेवरून बोट फिरवलं की आता नखाला काही लागत नाही.