इन्सुलेटरवरची धूळ: मोजायचं काय?

विदर्भातल्या कोळसाखाणींच्या पट्ट्यात वणी-घुग्घूस रस्त्यालगतच्या बाभळीही काळपट दिसतात. कोळशाची ही धूळ विजेच्या खांबांवरच्या इन्सुलेटरवरही (तारेतली वीज खांबात उतरू न देणाऱ्या आधारावरही) बसते आणि दिवाळीपासून मृगापर्यंत ती धुवायला पाऊस फारसा नसतो. कोरडी असेपर्यंत ती सहसा त्रास देत नाही. धुई पडली किंवा पावसाची नुसती भुरभुर झाली, की क्षार विरघळतात, ओल्या थरातून प्रवाह झिरपतो, ठिणग्या उडतात आणि फिडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी लाइन, ट्रिप होऊन आपोआप बंद पडतो. मुसळधार पाऊस त्यापेक्षा बरा, तो धुऊन तरी काढतो.

मोजण्याची रूढ पद्धत सोपी आहे. लाइन बंद करून इन्सुलेटर उतरवायचा, मोजून घेतलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कापसाने पुसून मळ उतरवायचा आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता बघायची. समजा, 1000 चौरस सेंटिमीटरचा मळ 300 मिलिलिटर पाण्यात उतरवला आणि 20 अंश सेल्सिअसला वाहकता 100 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर आली. एवढी वाहकता यायला सुमारे 16 मिलिग्रॅम मीठ लागतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 0.016 मिलिग्रॅम. विदर्भात समुद्र कुठला! मीठ इथे फक्त माप. राख-मातीचा न विरघळणारा गाळ गाळून, वाळवून वेगळा तोलतात, कारण तो ओल धरून ठेवतो.

चिनी मातीच्या इन्सुलेटरला हे पुरतं. सिलिकॉन रबरावर मात्र हाच आकडा चकवतो. रबरातले हलके सिलिकॉन रेणू हळूहळू वर येऊन धुळीतही शिरतात आणि मग धूळसुद्धा अळूच्या पानासारखी पाणी झटकते. क्षार तेवढेच असतात, पण सलग ओला थर होत नाही. म्हणून पुसण्याआधी साध्या फवाऱ्याने 20-30 सेकंद पाणी मारून बघतात: सुटे गोल थेंब दिसले तर श्रेणी 1, अख्खा पृष्ठभाग ओला झाला तर 7. मला विचाराल तर हीच चाचणी आधी करावी. एकदा कापूस फिरला की वरचं सिलिकॉनही निघून जातं. शिवाय असा मळ लवकर भिजत नाही, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा पुसून काढावा लागतो, नाहीतर क्षार कमीच भरतात.

आठवडाभर झड लागली तर रबराचा हा गुण तात्पुरता मंदावतो आणि वाळल्यावर परततो. झडीतली श्रेणी आणि चार दिवस ऊन पडल्यानंतरची श्रेणी वेगळी येऊ शकते, तेव्हा नोंदवहीत तारखेशेजारी हवामानही लिहावं.